तिनं पुस्तक दिलं, म्हणजे नक्की काय दिलं?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारा मुलगा १७ वर्षांचा आहे. लहानपणापासून बोलताना अडखळतो. स्वतःला तो 'भयंकर लाजाळू' म्हणवतो. शाळेच्या ग्रंथालयात दर आठवड्याला वाचनगट जमतो, तिथे तो नियमानं जातो, कारण 'तिथे गप्प बसलं तरी कुणाला वावगं वाटत नाही'. त्याच गटातली एक मुलगी त्याला वर्षभरापासून आवडते. तिच्या नावाचं पहिलं अक्षर नेमकं त्याच्या घशात अडकणाऱ्या अक्षरांपैकी आहे, त्यामुळे त्यानं तिला आजवर नावानं हाक मारलेली नाही. बाकीची मुलं त्याची वाक्यं पुरी करून टाकतात, ती करत नाही, असं त्यानं जाता जाता लिहिलं आहे.

गेल्या महिन्यात तिनं त्याच्या पुढ्यात एक कादंबरी ठेवली. आत चिठ्ठी : 'तुला आवडेल.' आणि ती निघून गेली. कादंबरी कुमारवयीन वाचकांसाठीची. नायक १६ वर्षांचा, लाजाळू आणि अडखळत बोलणारा. त्याचा जिवलग मित्र व्हीलचेअर वापरतो, नायिका दुसऱ्या देशातून नुकत्याच आलेल्या कुटुंबातली, तिच्या भावाला मुलगे आवडतात. शेवटी नायक शाळेच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर आपलं प्रेम जाहीर करतो, तेही पानभर आणि एकदाही न अडखळता.

आपल्यासारखा मुलगा पुस्तकात नायक झालेला त्यानं पहिल्यांदाच पाहिला. आता प्रश्न असा : 'ताई, खरं सांगा, मी आवडतो म्हणून दिलं की माझी कीव आली म्हणून?' त्यानं तिच्यासाठी एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला आहे. अडखळणं पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. अजून पाठवलेला नाही. 'पाठवू का? की पुस्तक गुपचूप ठेवून देऊ आणि गट सोडू?' ता. क. : माईकच्या प्रसंगाशेजारी त्यानं रागाच्या भरात पेन्सिलनं 'असं होत नाही' असं लिहिलंय, आणखीही बरंच लिहिलंय, आणि पुस्तक तिचं आहे.

---

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राची निम्मी जागा त्या चिठ्ठीनं खाल्ली आहे. 'तुला'वर जोर असेल तर एक अर्थ, 'आवडेल'वर असेल तर दुसरा, वर नाव लिहिलं नाही म्हणून तिसरा. कवितेच्या रसग्रहणातसुद्धा कुणी दोन शब्दांवर एवढी मेहनत घेत नाही. चेष्टा करत नाहीये. भरपूर कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसांना ही खोड लागतेच.

कादंबरीत उगाच असं काही नसतं. नायिकेनं चाळिसाव्या पानावर कुणाला पुस्तक दिलं, तर त्याचं पुढे काहीतरी व्हावंच लागतं; होणार नसेल तर संपादक ते पान उडवतो. आपल्या रोजच्या जगण्यावर असा कुणी संपादक बसलेला नाही. माणसं पुस्तक देतात कारण ते नेमकं त्या दिवशी दप्तरात असतं. कारण वाचून झाल्यावर बोलायला कुणीतरी हवं असतं आणि गटात पुस्तक शेवटपर्यंत वाचणारे मोजकेच असतात. कारण समोरचा कधीच काही सुचवत नाही, मग म्हटलं आपणच सुचवावं. कारण समोरचा आवडतो, हेही असू शकतं. यातलं कुठलं खरं, ते त्या चिठ्ठीत लिहिलेलं नाही. उजेडात धरून पाहिलीस तरी दिसणार नाही.

'आवडतो म्हणून की कीव म्हणून' हा तुझा प्रश्नच मला जरा खटकतो. त्याची दोन्ही उत्तरं एकच गोष्ट गृहीत धरतात : पुस्तक तुझ्याबद्दल आहे, म्हणून तुला दिलं. आणि तुला असं वाटणं साहजिक आहे. रुडीन सिम्स बिशप या बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक. त्यांनी १९९० साली एक छोटासा लेख लिहिला, जो पुढे जगभर शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी उचलून धरला. पुस्तकं कधी आरसा असतात, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार, ज्यातून पलीकडे जाता येतं, असं त्या म्हणतात. त्यांचा रोख असा होता की काही मुलांना पुस्तकांत सतत आरसेच मिळतात, आणि काहींना आरसा कधी मिळतच नाही. तू दुसऱ्या गटातला. आयुष्यात पहिल्यांदा आरसा हाती आला आणि तू त्यात पाहत बसलास. पण तुझ्यासाठी जो आरसा, तो तिच्यासाठी आरसा नाही. तिनं ते पुस्तक खिडकी म्हणून वाचलं असेल. किंवा तिचा आरसा त्यात वेगळाच असेल : नव्या जागी रुळू पाहणारी ती नायिका, नाहीतर भावाचं गुपित सांभाळणारी बहीण. त्या पुस्तकातलं कोण तिला आवडलं असेल? सहा पानांच्या पत्रात हा प्रश्न तुला एकदाही पडलेला नाही. बघ जरा.

त्यात तुझा दोष फारसा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचं एक बालपुस्तक केंद्र आहे. त्यांनी १९८५ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं निघाली अवघी १८. वेगवेगळ्या भाषांची, रंगांची, शरीरांची मुलं कादंबरीच्या मध्यभागी यावीत म्हणून मोठी चळवळ उभी राहायला २०१४ उजाडावं लागलं. अडखळणारा नायक तर त्याहून दुर्मीळ. आपल्यावरचं एकच पुस्तक हाती लागलं की माणूस त्याच्याकडून सगळंच मागतो : मी कोण आहे ते सांग, माझं प्रेम कसं होईल ते सांग, आणि हो, जिनं तुला माझ्याकडे पाठवलं तिच्या मनात काय आहे तेही सांग. बिचारी कादंबरी. तिला एवढं ओझं पेलवत नाही.

आता कीव. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू अर्ध्या ओळीत उरकलंस : ती तुझी वाक्यं पुरी करत नाही. कीव येणारी माणसं काय करतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती शब्द पुरवतात. 'सावकाश बोल, श्वास घे' म्हणतात. तू बोलत असताना त्यांचे डोळे जमिनीकडे जातात आणि तुझं वाक्य संपलं की त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरतं. ही मुलगी वर्षभर थांबते आहे. याचा अर्थ प्रेम, असं मी म्हणणार नाही. तू लगेच तसं म्हणशील म्हणून आधीच सांगते. तिला ऐकता येतं, एवढाच याचा अर्थ. पण कीव हा तर्क मात्र या एका गोष्टीपुढे टिकत नाही.

आणखी एक गाठ सोडवायला हवी. 'अडखळतो म्हणून लाजाळू आहे, अडखळणं गेलं की प्रेमाबिमाचं बघू', असा तुझा एकूण बेत दिसतो. अडखळणं ही भित्रेपणातून आलेली गोष्ट नाही. मेंदू बोलण्याची जुळवाजुळव आणि वेळ कशी साधतो याच्याशी तिचा संबंध आहे, बरेचदा ती घराण्यात असते, आणि बुद्धीशी तिचं काही देणंघेणं नसतं. लहानपणी साधारण विसात एक मूल कधी ना कधी अडखळतं, त्यातल्या बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात एकाचं राहतं आणि त्यांत मुलगे मुलींच्या साधारण चौपट असतात. तू १७ वर्षांचा आहेस. ते पूर्णपणे जाईल, असं वचन तुला कुणीही प्रामाणिक माणूस देणार नाही. स्पीच थेरपिस्टकडे जाऊन बोलणं पुष्कळ सोपं होऊ शकतं, आणि तू आजवर गेला नसशील तर जायला उशीर झालेला नाही. पण 'आधी ते, मग हे' असा क्रम लावलास तर वाट बघण्यातच बरीच वर्षं जातील.

लाजाळूपणा वेगळा. अडखळणारी बडबडी माणसं असतात, भरपूर असतात. अडखळत अडखळत तासभर वाद घालतील आणि जिंकूनच उठतील. आणि घडाघडा बोलणारी लाजाळू माणसंही असतात. फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात लोकांना विचारलं, तुम्ही लाजाळू आहात का? दहातल्या साधारण चौघांनी हो म्हटलं. त्या चौघांतले बरेचसे वरून तसे दिसत नाहीत. आता त्या दिवसाचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आण. एक मुलगी येते, पुस्तक ठेवते, तोंडातून शब्द काढत नाही, चिठ्ठीवर भागवते आणि थांबतही नाही. तिच्या जागी एखादा मुलगा असता तर तू त्याला काय म्हटलं असतंस? या कथेतला लाजाळू माणूस फक्त आपणच आहोत, अशी तुझी खात्री आहे. माझी नाही.

'सगळा गट माझ्याकडे बघत होता' असंही लिहिलंयस. याबद्दल एक मजेशीर प्रयोग आहे. टॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना छातीवर एका गायकाचा भलामोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. घालायची लाज वाटावी, असाच तो निवडला होता. मग त्यांना इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या जणांनी तरी टी-शर्टवर कोण आहे ते पाहिलं असेल. प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांच्याच लक्षात आलं होतं. हा अभ्यास २०००चा. मात्र अडखळणं म्हणजे टी-शर्ट नव्हे, ते ऐकू येतं, आणि लोकांच्या लक्षात ते येतंच. नुसती मनाची समजूत घालायला 'कुणाचं लक्ष नसतं' असं मी तुला सांगणार नाही. पण तुझ्या टेबलावर कोणी कुठलं पुस्तक ठेवलं, एवढ्यासाठी अख्ख्या गटाच्या माना वळल्या असतील, हे मला पटत नाही. वाचनगट आहे. तिथे टेबलावर पुस्तकंच असतात.

आता त्या व्हॉइस मेसेजकडे येऊ. पाठवू नकोस.

कारण सांगते. लिहून बोलणं ही फसवणूक नाही. तुला लेखणी चालते, पत्र तर फारच चांगलं लिहिलंयस, तेव्हा लिहून काही सांगावंसं वाटलं तर खुशाल सांग. पण घासूनपुसून अडखळणं काढून टाकलेला आवाज ही वेगळी चीज आहे. त्यातून तू तिची ओळख अशा मुलाशी करून देतोस जो दुसऱ्या दिवशी गटात येणारच नाही. तिथे येशील तू. मग तिच्यासमोर त्या मेसेजमधल्या मुलासारखं बोलायचं नवं दडपण तुझ्याच डोक्यावर बसेल. आणि ज्या मुलीनं वर्षभर तुझं खरं बोलणं शांतपणे ऐकलं, तिच्यापासून नेमकं तेच लपवण्यात तू रात्री घालवल्यास. हे तुझं तुलाच विचित्र वाटत नाही का?

हा मेसेज तुला सुचला कुठून, तेही उघड आहे. पुस्तकातल्या माईकमधून. तू त्या पानावर 'असं होत नाही' लिहिलंस आणि मग स्वतः तेच करायला बसलास! तुझं पहिलं म्हणणं बरोबर होतं. अडखळणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत, इतरांसोबत एका सुरात वाचताना अडखळत नाहीत, एकटी असताना किंवा मांजराशी बोलताना सहसा अडखळत नाहीत. पण शेकडो लोक, हातात माईक आणि समोर आवडती मुलगी? भावना अनावर झाल्या की जीभ मोकळी होते, ही लेखकाची सोय आहे. अपंगत्व किंवा आजार असलेल्या पात्राला शेवटी 'बरं' करून टाकायचं, म्हणजे प्रेम सफळ झालं हे वाचकाला पटतं, ही जुनी सवय आहे आणि तिच्यावर गेली कित्येक वर्षं टीका होते आहे. ज्यांचं जगणं आहे त्यांनीच ते लिहावं, असा आग्रह २०१५च्या सुमारास जोरात पुढे आला, त्यामागे अशीच पानं होती. त्या आग्रहाचेही पुढे वांधे झाले. लेखकांना स्वतःचे आजार आणि गुपितं चव्हाट्यावर मांडायची वेळ आली. असो, तो वेगळा विषय. पण तू त्या नायकाला अडखळत 'आवडतेस' म्हणताना पाहू इच्छित होतास, आणि लेखकानं तुझ्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला. राग योग्य आहे.

माईकमध्ये आणखी एक खोट आहे, जी तू लिहिली नाहीस. नायिकेनं 'नाही' म्हणायचं ठरवलं असतं तर ती कुठे जाणार होती? तीनशे डोळे, टाळ्या वाजवायला उचललेले हात. तिला तिथे फक्त एकच उत्तर शिल्लक ठेवलं होतं. जाहीर कबुली वाचायला रोमँटिक असते. जिला ऐकावी लागते तिच्यासाठी तो सापळा असतो. प्रेम व्यक्त करायचे मार्ग निवडताना एवढी एकच कसोटी लाव : समोरच्याला सहज नाही म्हणता येईल का, आणि म्हटल्यावर तिथून सहज निघून जाता येईल का. या कसोटीवर माईक नापास, सगळ्या गटासमोर दिलेलं पत्र नापास, मित्राच्या हाती पाठवलेला निरोपही नापास.

मग करायचं काय? पेन्सिल वापर.

तुझं ता. क. तुला लाजिरवाणं वाटतंय आणि मला ते वाचून एकदम हुरूप आला. दुसऱ्याच्या पुस्तकात लिहू नये, मान्य. पण लिहिलंयसच, तर तुझ्याकडे आता तिच्याशी बोलायला एक खरंखुरं, छोटं, उत्तर देता येईल असं कारण आहे. खोडू नकोस. पुढच्या वेळी गट सुटल्यावर, घोळका पांगत असताना, पुस्तक हातात घेऊन जा आणि म्हण : 'मी यात पेन्सिलनं लिहिलंय. माफ कर. खोडून देऊ की राहू दे?' बस. यात प्रेम नाही, प्रश्नचिन्हांचा ढीग नाही, 'माझी कीव आली का' हा आरोप नाही. (तो प्रश्न तिला कधीच विचारू नकोस. त्याला चांगलं उत्तर नसतं. 'नाही' म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.) ती एकतर म्हणेल खोड, मग खोडून दे. नाहीतर म्हणेल, बघू काय लिहिलंयस. आणि मग ती त्या पानावर येईल.

तिथे तुला असं काहीतरी सांगता येईल जे गटात दुसरं कुणीच सांगू शकत नाही. त्या माईकच्या पानात काय चुकलंय. फोन उचलायची धास्ती का वाटते. हवा तो शब्द अडकणार असं लक्षात आलं की बोलता बोलता दुसरा शब्द कसा शोधावा लागतो, आणि त्यामुळे कधी कधी तू वेगळंच काहीतरी बोलून बसतोस. आणि स्वतःचं किंवा दुसऱ्याचं नाव सगळ्यात अवघड का : नावाला पर्यायी शब्द नसतो. मग तिला विचार, तुला यात कोण आवडलं? आणि ऐक. ती जे सांगेल त्यात तुझ्या चिठ्ठीच्या कोड्याचं निम्मं उत्तर असेल. ते तुझ्या मनासारखं असेल असं नाही, पण खरं असेल.

नावाचं काय करायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण वर्षभर टाळलेलं नाव हे माझ्या मते त्या मेसेजपेक्षा मोठं प्रकरण आहे. तू नाव घेत नाहीस हे तिच्या लक्षात आलंच असणार. कारण मात्र तिला ठाऊक नाही. कदाचित तिला वाटत असेल, या मुलाला मी आवडत नाही. नाव घे. अडखळत घे. पहिलं अक्षर अडकलं तर अडकू दे, जोर लावून ढकलू नकोस, हलकेच पुन्हा सुरुवात कर. थेरपिस्ट बरेचदा सांगतात की अडखळण्याबद्दल आपणच आधी सहजपणे बोलून टाकलं की दोघांवरचा ताण उतरतो. 'तुझं नाव माझ्या जिभेला जड जातं, म्हणून आजवर घेतलं नाही', हे एक वाक्य पुरेसं आहे. अडखळत म्हटलंस तरी चालेल; किंबहुना मग ते पटेल तरी.

त्या एका संभाषणानंतर घाई करू नकोस. दुसरं पुस्तक तू दे. तुझ्या आवडीचं, अडखळण्याशी काडीचा संबंध नसलेलं. चिठ्ठी ठेवायचीच असेल तर का आवडलं ते लिही, म्हणजे तिला तुझ्यासारखं महिनाभर जागावं लागणार नाही. चार-दोन वेळा असं बोलणं झालं, तुलाच आधी बोलावं लागतंय असं नसलं, ती आपणहून येऊन बसते आहे असं दिसलं, तर मग विचार. तोंडी किंवा लिहून, तुला जमेल तसं. लिहिलंस तर चार ओळींत. कविता नको, 'वर्षभर तुझाच विचार' नको. वर्षभराचं ओझं एकदम अंगावर आलं की माणूस दचकतो. 'तुझ्याशी बोलायला मला आवडतं. गटाबाहेरही भेटू या का, दोघंच? नको असेल तर नको म्हण, आपण पुस्तकांवर बोलत राहू.' शेवटचं वाक्य लिहायचं तर ते खरं असायला हवं, म्हणून पाठवण्याआधी स्वतःला विचार : ती नको म्हणाली तर मी खरंच गटात येऊन बसेन का?

ती नको म्हणाली तर काय होईल, याबद्दल तुला गोड बोलून फसवणार नाही. तू घरी जाशील आणि तुला वाटेल, अडखळतो म्हणूनच. कदाचित तिला दुसरं कुणी आवडत असेल, कदाचित तिला मुलगी आवडत असेल, कदाचित तिला या वर्षी यातलं काहीच नको असेल. कदाचित तुझं अडखळणंही कारण असेल. अशी माणसं असतात, तुला कधी ना कधी भेटतील. तुला खरं कारण कळणार नाही, आणि ते खोदून काढण्याचा हक्कही तुला नाही. दोनदा विचारायचं नाही. मित्रांकरवी चौकशी नाही. तिचे मेसेज कुणाला दाखवायचे नाहीत. ती हो म्हणाली तरी नाहीत.

आणि गट सोडू नकोस, काहीही झालं तरी. ती जागा तुला तिच्यामुळे मिळालेली नाही. पुस्तकं शेवटपर्यंत वाचतोस म्हणून ती तुझी आहे. एक आठवडा दांडी मारलीस तर समजू शकते.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या वर्गात किंवा घरात कुणी अडखळतं, त्यांनी वाक्य पुरं करू नये, 'सावकाश' म्हणू नये, नजर हटवू नये. काय म्हणतोय ते ऐका, कसं म्हणतोय ते सोडून द्या. आणि ज्या आई-वडिलांना मुलांच्या उशाखाली अशा कादंबऱ्या सापडतात आणि 'हे प्रेमाबिमाचं कशाला' असं वाटतं, त्यांनी ती एकदा वाचून पाहावी. मुलाला थेट विचारून जे कळणार नाही, ते 'यातलं तुला कोण आवडलं' असं विचारून कळतं. मात्र उत्तर आल्यावर उपदेश नको, नाहीतर पुढचं पुस्तक उशाखालीही सापडणार नाही.

मित्रा, तुझ्या पत्रात ती मुलगी गटात काय वाचते, कशावर हसते, कशावर भांडते, यातलं काहीच नव्हतं. पुढचं पत्र लिहिलंस तर त्यात हे असू दे. मला तिच्याबद्दल जाणून घ्यायचंय, आणि मला वाटतं, तुलाही.

तुझी,
ताई